सकाळी विसरणारी मशीनं

टप्.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. स्वयंपाकघराला लागून आमची कोठी आहे, तिथल्या कोबीच्या पिंपाची तोटी गळत होती. खालच्या परातीत खारं पाणी थेंबाथेंबानं साठत होतं. वेल्को घरात होता तेव्हाही ती गळतच असणार. पण तेव्हा घर एवढं गप्प नसायचं.

बाहेर अजून उजाडलं नव्हतं. मी परातीतलं पाणी पिंपात वरून ओतलं आणि झाकणावरचा धोंडा नीट बसवला. हे काम वेल्कोनं जाताना माझ्यावर सोपवलं होतं. "खालचं काढायचं, वरून ओतायचं. विसरलीस तर कोबी सडेल, आणि मग आईचं तोंड सुटेल." पिंप आम्ही तिघांनी मिळून भरलं होतं, तो जायच्या आदल्या आठवड्यात. नेदा एकेक गड्डा उचलून देत होती. मध्येच वेल्कोनं तिलाच उचलून पिंपात उभं केलं आणि ओरडला, "अरे, हा गड्डा तर बोलतो!" ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

आता ती पलंगावर खोकत उठून बसली होती.

"आई, बाबाचा कोबी काय म्हणतोय?"

"पाणी पितोय. तू झोप."

"मला पण पाणी."

पाच वर्षांची आहे. बालवाडीनं सोमवारीच सांगितलं होतं, खोकला थांबेपर्यंत आणू नका. सासूबाईंची बहीण गावाकडे पडली, कंबरेचं हाड मोडलं, त्या तिकडे गेल्या. म्हणजे नेदा माझ्याबरोबर दवाखान्यात. मी तिच्यासाठी डोंगरी चहाची पत्ती उकळली, मध घातला, बाटली भरली. माझी कॉफी तशीच ओट्यावर निवत राहिली.

वेल्को गेल्या शनिवारी, मित्रोव्दानच्या सणाला गेला. जुने लोक म्हणतात, डोंगरातल्या बंडवाल्यांच्या टोळ्या त्याच दिवशी पांगायच्या, थंडीभर कोण कुठे लपेल त्याचा पत्ता नसायचा. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या लेकाला जायला दुसरा दिवस मिळाला नाही." एवढं बोलून त्यांनी त्याच्या पिशवीत लाल मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या कोंबल्या. बसवाला हॉर्न वाजवत होता.

ऑस्ट्रियात लिंट्सला त्याला बांधकामावर काम मिळालं. पहिला महिना बघण्याचा, त्यांनी याला आणि यानं त्यांना. मग दोन वर्षांच्या करारावर सही. आमचं ठरलं होतं ते याच टेबलावर, नेदा झोपल्यावर, हळू आवाजात. मी आरोग्य केंद्रात हंगामी आहे. मला कायम केलं, तर तो सही करणार नाही, महिना संपला की परत येईल आणि मामाच्या सुतारखान्यात लागेल. मामाकडे कधी काम असतं कधी नसतं, पण घरात एक पगार पक्का असला की दुसरा डगमगला तरी चालतं. मला कायम नाही केलं, तर तो सही करेल. मग तो आम्हाला दिसेल ईस्टरला आणि ऑगस्टात.

आणि मी कायम होणार की नाही, ते नऊ म्हाताऱ्या मशीनांवर होतं.

म्हाताऱ्या हे नाव वेल्कोचंच. पिवळी पडलेली ती खोकी, पंखा सुरू झाला की दमेकऱ्यासारखी घरघरतात. कुणी कधी दान दिली होती, आता कुणाला आठवत नाही. सोमवारी नवा सर्व्हर आला. सकाळी कारागिरांनी भिंतीतून केबल नेली, जुन्या एक्सरेच्या खोलीत त्याचं कपाट उभं केलं आणि जेवायच्या आत निघून गेले. उरलेलं काम माझं: म्हाताऱ्यांना त्याच्याशी बोलायला शिकवायचं. प्रत्येकीला एक पत्ता द्यायचा, एक नाव द्यायचं, सर्व्हरकडे तिची नोंद करायची, मग तो तिला आपली मानतो आणि रोग्यांचे कागद तिच्या हवाली करतो. सोमवारी संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ जोडल्या गेल्या होत्या. मी एकटीच त्या खोलीत टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी सकाळी एकही लागेना.

नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी सर्व्हरचं दार बंद. मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा दार बंद. पलीकडे नोंदणीच्या खिडकीशी रांग लागली होती आणि तेता स्तामेना नेहमीसारखी कागदावर नावं लिहून घेत होती, जणू सर्व्हर आलाच नव्हता. तेता स्तामेना म्हणजे सगळ्या दवाखान्याची मावशी. डॉक्टर बदलले, सरकारं बदलली, खिडकीत ती तशीच, खांद्यावर तीच विणलेली शाल.

"दार लाव गं, वाऱ्याचा झोत येतोय!" ती ओरडली. "पोरगी खोकते आणि ही दारं सताड उघडी टाकते. आई आहेस की वैरीण?"

"तेता, सर्व्हर तापतो. त्याला हवा लागते."

"लोखंडाला हवा आणि पोरीला न्यूमोनिया! वा गं इंजिनिअर. ये नेदा, माझ्या शालीत ये. तुझ्या आईला त्या खोक्याशी लग्न करू दे."

नेदा शालीत शिरली आणि तिथूनच माझ्याकडे बघून हसली. मी दार लावलं. झोतानं माणूस आजारी पडतो, या समजापुढे आमच्या देशात कुणाचं काही चालत नाही.

डॉक्टर रादेन्कोविच दहाच्या सुमाराला आले. आमचे संचालक. मोठा देह, मऊ आवाज, खिशात नेहमी पुदिन्याच्या गोळ्या.

"तियाना, काल लागली होती ना?"

"लागली होती, डॉक्टर."

"मग?"

"बघते."

त्यांनी नेदाला एक गोळी दिली आणि मला बाजूला घेतलं. "हे बघ, शुक्रवारी वैद्य-संतांचा सण. जिल्ह्याची माणसं सणाचा पाव मोडायला येणार. मला त्यांना दाखवायचंय की आमची जुनी खोकी नव्या सर्व्हरवर चालतात. चालली, तर तुझं नाव मी त्याच टेबलावर पुढे करतो. नाही चालली, तर ते म्हणतील, आमचीच माणसं जिल्ह्यातून सगळं बघतील, तुम्हाला वेगळं माणूस कशाला?"

"समजलं."

"तुला समजलंय ते मला दिसतंय गं. चेहरा बघ कसा झालाय. जरा खा काहीतरी."

ते दोघे वैद्य-संत म्हणजे सख्खे भाऊ, फुकट उपचार करायचे, म्हणून सगळ्या दवाखान्यांनी त्यांना आपले मानलं. नोंदणीच्या खोलीत त्यांची तसबीर आहे, हातात औषधाची डबी आणि चमचा. त्या दिवशी मी केबल हातात घेऊन जमिनीवर बसले असताना दोघे वरून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, ते पण हंगामीच असणार.

मंगळवार केबलींत गेला. मी माझा स्वतःचा लॅपटॉप आणून त्याच तारेला लावला, तो चटकन लागला. म्हणजे तार ठीक. तरी मी टोकं कापून नव्यानं बसवली, कारण दमलेल्या माणसाला हातानं काहीतरी केलं की बरं वाटतं. छतात घूस किंवा कुणी जनावर शिरलंय का तेही शिडी लावून बघितलं. धूळ खाली पडली, तेता ओरडली. सोमवारीच कारागिरांनी भोक पाडताना तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर ओल्या चुन्यात पाडलं होतं. तिनं बहिणीनं पाठवलेलं दुसरं आणून लावलं, पण अजून त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. आता त्यात माझी भर.

"हा चुना, ही धूळ, ही पोरगी खोकते. सणाला पाहुणे येणार, आणि इथे खाण उघडलीय!"

बुधवारी मी ठरवलं, एक मशीन मुळापासून पुसायचं. सगळं काढायचं, सगळं पुन्हा घालायचं, जणू ते आजच जन्मलं. त्या म्हाताऱ्यांना हे करायला दिवस जातो. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकते आणि तुम्ही समोर बसता. नेदानं तेवढ्यात तेताच्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली, इंजेक्शनच्या खोलीत जाऊन नर्सला विचारलं की सुई स्वतःला टोचून बघितलीय का, आणि शेवटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिचं डोकं गरम होतं. मी एका हातानं तिचे केस सारखे करत होते, दुसऱ्या हातानं मशीनच्या प्रश्नांना उत्तरं देत होते: भाषा कोणती, देश कोणता, आज तारीख काय, वेळ काय. हे नको, ते हो, पुढे, पुढे, पुढे.

संध्याकाळी ते मशीन सर्व्हरला लागलं.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी फक्त हिशेब केला. एक लागलं, आठ राहिली, एका दिवसाला एक. मधे एकच दिवस. एवढ्यात तेता आली आणि भिंतीवरचे प्लग एकेक करून उपटू लागली. रोज घरी जाताना ती हे करते. कधीकाळी विजेच्या झटक्यानं टेलिव्हिजन जळला होता तिचा, तेव्हापासून.

"तेता, सर्व्हरचा राहू द्या हं."

"तो तुझा नवरा, तू बघ. माझ्या पोरी मी झोपवून जाते."

बसथांब्यावर वेल्कोचा फोन आला. मागे भिंत फोडण्याचा आवाज येत होता. नेदा माझ्या खांद्यावर, तिच्या टोपीची लोकर माझ्या तोंडात.

"काय म्हणतायत म्हाताऱ्या?"

"एक लागली."

"अगं मग छान की!"

"एक, वेल्को. दिवसाला एक. शुक्रवारपर्यंत नाही होत."

भिंत फुटत राहिली.

"फोरमन महिनाभर थांबायला तयार नाही, सही कधी करतोस म्हणून रोज विचारतो," तो म्हणाला. "अजून दोघं आलेत गावाकडून, तेही रांगेत आहेत. काय सांगू त्याला?"

बस दिसली, पण ती आमची नव्हती. माझे पाय ओले होते. मला इतकंच हवं होतं की कुणीतरी नेदाला थोडा वेळ उचलावं.

"नाही होत रे हे माझ्यानं," मी म्हटलं. "दमले मी."

"झोप मग," तो म्हणाला. "नेदाला पापा दे माझा."

गुरुवारी मी पहिली बस पकडली. तेता आमच्या आधी पोचलेली होतीच, ती कोंबड्याबरोबर येते. नेदाला तिच्याकडे सोडून मी सरळ आत गेले आणि काल जन्मलेल्या मशीनवर नाव, पासवर्ड घातला.

दार बंद.

मी जमिनीवर बसले. रडू आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते. काल संध्याकाळी लागलेलं, आज सकाळी नाही. सोमवारी लागलेली, मंगळवारी नाही. रात्री कुणी चोर येतो आणि फक्त ओळख चोरून नेतो, असं काहीतरी वाटायला लागलं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ सात वाजून गेल्याचं दाखवत होतं, माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी अगदी जुळत होतं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त ते चालत नव्हतं.

मागून धावण्याचा आवाज आला.

"आई! मी एकतीस लिहिलं!"

"हं."

"तीन आणि एक. तेतानं मला लिहू दिलं. तिकडच्या चारी मशीनांत मीच लिहिलं, तुझ्या या मशीनात तेतानं आपण यायच्या आधीच लिहिलं होतं!"

"कशात लिहिलंस? कीबोर्डला हात लावू नको म्हटलंय ना मी?"

"अगं ती रात्री विसरतात!" नेदानं हात कमरेवर ठेवले, अगदी तेतासारखे. "म्हणून सकाळी त्यांना सांगावं लागतं, आज काय आहे ते. आज एकतीस आहे."

"आज तेरा आहे, बाळ. उद्या चौदा, उद्या सण."

"नाही. एकतीस."

मी तिला जवळ घेऊन म्हणणार होते, बरं, एकतीस. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की नोव्हेंबरला एकतीस नसतातच.

मी उठले. त्या जुन्या मशीनांच्या कोपऱ्यात फक्त वेळ दिसते, तारीख दिसत नाही. तारीख बघायची तर बाण वेळेवर नेऊन धरावा लागतो. मी नेऊन धरला.

एकतीस ऑक्टोबर.

दुसऱ्या मशीनवर गेले. एकतीस ऑक्टोबर. तिसऱ्यावर, चौथ्यावर, डॉक्टरांच्या खोलीतल्यावर. सगळ्या म्हाताऱ्या ऑक्टोबरात बसल्या होत्या, एका ओळीत, घड्याळ मिनिटाला मिनीट बरोबर लावून.

सर्व्हर या बाबतीत शाळेच्या शिपायासारखा असतो. मशीनची तारीख किंवा वेळ त्याच्यापासून थोडी जरी ढळली, तरी तो फाटक उघडत नाही, आणि का उघडत नाही हेही धड सांगत नाही.

"तेता," मी नोंदणीच्या खोलीच्या दारात उभी राहून विचारलं, "आज काय तारीख?"

तेता चष्मा कपाळावर चढवून रांगेसाठी चिठ्ठ्या फाडत होती. "उद्या वैद्य-संत. म्हणजे आज आदला दिवस."

"ते झालं. पण तारीख?"

"तारीख सरकारला लागते. मला संत पुरतात."

"मशीनांत काय घालता मग?"

"कॅलेंडरात बघून घालते की! किती वर्षं घालतेय. तू नव्हतीस तेव्हापासून. रात्रभर प्लग काढला की ह्या सगळं विसरतात, कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसतात. मग मी सकाळी आजचा संत शोधते, त्याच्या पुढचा आकडा घालते, वर जो महिना लिहिलाय तो घालते, माझ्या घड्याळातली वेळ घालते. झालं. कुणी शिकवलं नाही मला, माझी मी शिकले."

मी भिंतीकडे बघितलं. नवं कॅलेंडर. तेताची बहीण जोगीण आहे, मठात असते, तिनं पाठवलेलं.

आमचं चर्च अजून जुन्या पंचांगानं चालतं, सरकारच्या तेरा दिवस मागे. म्हणून तर आमचा नाताळ जानेवारीत येतो. प्रत्येक घरातल्या कॅलेंडरात दोन्ही आकडे असतात. तेताच्या चुन्यात पडलेल्या कॅलेंडरात सरकारी आकडा आधी होता, देवाचा मागून, बारीक. मठाच्या कॅलेंडरात देवाचा आकडा आधी होता, ठळक, आणि पानाच्या डोक्यावर महिनाही देवाचाच. सरकार अगदी कडेला, मुंगीएवढं.

"तेता, हा आकडा चर्चचा आहे."

"मग?"

"मशीनांना वाटतंय अजून ऑक्टोबर आहे. सर्व्हरला माहीत आहे नोव्हेंबर आहे. म्हणून तो त्यांना आत घेत नाही. मंगळवारपासून."

तेतानं चष्मा नाकावर घेतला. कॅलेंडराजवळ गेली, नाक टेकेपर्यंत. मग तिनं तीन बोटं जुळवून स्वतःवर क्रूस काढला.

"तुझे तीन दिवस मी खाल्ले?"

"मीही तारीख बघितली नाही ना, तेता. वेळ बरोबर दिसली, मी पुढे गेले."

"शिडीवर चढलीस. छत पाडलंस. पोरगी खोकत होती." ती खुर्चीत बसली. मग तिचा चेहरा एकदम लाल झाला. "त्या भोक पाडणाऱ्यांनी! त्यांच्या ड्रिलवर वीज पडो! माझं कॅलेंडर चुन्यात घातलं नसतं तर..." आणि मध्येच तिला हसू फुटलं. तोंडावर शाल धरून ती हसत राहिली, खांदे हलत राहिले. "अगं, पण मशीनं तरी काय वाईट करत होती? सणाच्या तयारीला तेरा दिवस जास्त मिळाले त्यांना!"

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "स्तामेना, हसून झालं की माझा रक्तदाब लिही."

"तुझा रक्तदाब ऑक्टोबरात बरा होता, तोच लिहिते!"

मी तारखा बदलल्या. एकेक करून. प्रत्येक वेळी नाव, पासवर्ड, थोडी घरघर, आणि दार उघडलं. नेदा माझ्या मागे मागे चालत होती आणि प्रत्येक मशीनला सांगत होती, "आज तेरा. विसरू नको." दुपारी मी चौकातल्या घड्याळजीकडून बटणासारखे सेल आणले, खोकी उघडून आतले मेलेले सेल बदलले, म्हणजे प्लग काढला तरी म्हाताऱ्यांच्या लक्षात राहील. मशीनांच्या पोटात इतकी धूळ होती की कोपरापर्यंत हात काळे झाले. तेतानं माझ्यापुढे पावाच्या दोन चकत्या ठेवल्या, त्यांवर चरबी आणि लाल तिखट, आणि खाऊन होईपर्यंत समोरून हलली नाही.

वेल्कोला मी त्या दिवशी फोन केला नाही. दोनदा हातात घेतला आणि ठेवला. उद्या टेबलावर डॉक्टर बोलले की मगच सांगायचं, हातात आल्याशिवाय सांगायचं नाही, असं मनाशी ठरवलं. खरं म्हणजे त्याला चकित करायचं होतं. फार दिवसांत मी त्याला चांगली बातमी दिली नव्हती.

शुक्रवारी सगळा दवाखाना धूप आणि मेणबत्तीच्या वासानं भरला. पाद्र्यानं गोल पावावर क्रूसासारखी चीर दिली, वाईन शिंपडली. डॉक्टर, तेता, जिल्ह्याची बाई आणि मी, आम्ही चौघांनी पाव हातांवर गोल फिरवला आणि मोडला. उकडलेला गोड गहू चमच्या-चमच्यानं सगळ्यांनी खाल्ला. मग जिल्ह्याच्या बाई नोंदणीच्या खिडकीशी बसल्या, एक नाव टाइप केलं. म्हातारी घरघरली. पडद्यावर रोग्याचा कागद आला. बाईंच्या भुवया वर गेल्या.

"ह्या अजून चालतात?"

"नव्यापेक्षा बऱ्या," तेता म्हणाली. "फक्त रोज विचारपूस करावी लागते."

डॉक्टर रादेन्कोविचांनी आलुबुखाराच्या दारूचा छोटा ग्लास उचलला. "आणि ही आमची तियाना. हिला मी तुमच्या हवाली करणार नाही. जानेवारीपासून कायम, असा माझा प्रस्ताव आहे." जिल्ह्याच्या बाईंनी मान डोलावली, "लिहून पाठवा, सही करते," म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा गहू घेतला. एवढंच. इतक्या सोप्या दोन वाक्यांत झालं.

मी मागच्या दारानं बाहेर गेले, जिथे रुग्णवाहिका उभी असते. अंगात पातळ ब्लाऊज होता. थंडी लागत होती हे नंतर कळलं.

"वेल्को! झालं. कायम केलं मला."

पलीकडे आज भिंत फुटत नव्हती. कुठल्या तरी खोलीत होता तो. भांड्यांचा आवाज.

"तियाना," तो म्हणाला.

"नऊच्या नऊ लागल्या. तुला सांगू कशामुळे? तुला खोटं वाटेल. तेता स्तामेनानं..."

"काल सकाळी मी सही केली."

वाऱ्यानं मागचं दार आपटलं. आत कुणीतरी तेताच्या आवाजात झोताला शिव्या दिल्या.

"तू म्हणालीस ना, होत नाही म्हणून," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "ते दोघं रांगेत होते. फोरमन म्हणाला, आत्ता, नाहीतर नाही. मी काल रात्री सांगणार होतो. मग म्हटलं, उद्या तुमचा सण, जाऊ दे."

"काल सकाळी किती वाजता?"

"काय गं? सातच्या सुमाराला. का?"

"काही नाही."

"मोडता येत नाही तो करार, विचारलं मी. पहिलं वर्ष तर नाहीच. ऐकतेस ना? अगं दोन पगार येतील आता. छप्पर करून घेऊ. तियाना?"

"ऐकतेय. तोटी गळतेय पिंपाची," मी म्हटलं. "ती कशी घट्ट करायची?"

त्यानं मला नीट सांगितलं. मेणानं भिजवलेला दोरा कुठल्या खणात आहे, किती वेढे घ्यायचे, कुठल्या बाजूला पिळायचं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "शाबास गं." मग आम्ही दोघंही फोन धरून राहिलो, कुणी ठेवायचा म्हणून.

आत आले तेव्हा पाहुणे वरच्या मजल्यावर जेवायला गेले होते. नोंदणीच्या खोलीत नेदा एकटीच तेताच्या खुर्चीत बसून पाय हलवत होती. हातात गव्हाचा कागदी पेला, नाकावर पिठीसाखर. समोर म्हातारी उघडीच होती. मी तिच्या शेजारी टेबलावर टेकले.

"बाबा होता?"

"हो. शाबास म्हणाला."

"मला पण?"

"तुला जास्त. एकतीस तूच लिहिलंस ना."

तिनं मान उंच केली. एक चमचा गहू मला भरवला, एक स्वतः खाल्ला.

"आई, ते एकतीस कधीचं होतं?"

"मागच्या महिन्यातलं. शेवटचा दिवस."

"तेव्हा आपण काय करत होतो?"

मला आठवावं लागलं नाही. "कोबी भरत होतो. सगळा दिवस."

"बाबानं मला पिंपात उभं केलं तो दिवस?"

"तोच."

तिनं मशीनकडे बघितलं. बाण घड्याळावर न्यायला ती तेवढ्यात शिकली होती; नेला, धरला, खाली उमटलेले आकडे बोटानं वाचले. एक. चार.

"म्हणजे काल सकाळी ह्याच्यात बाबा घरीच होता?"

"हो," मी म्हटलं. "ह्याच्यात होता."

नेदानं चमचा पेल्यात ठेवला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"मग तू ते का बदललंस?"